बिनआडनावाचे योद्धे

मुलीची वही मी तिच्या नकळत वाचली. आणि तेवढ्यावर थांबलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी पूर्णेला रेल्वेत कारकून आहे. मुलगी अकरावीत. दर रविवारी दुपारी तिची एक मैत्रीण यायची आणि दोघी दार लोटून बसायच्या. आतून फासे पडल्याचा आवाज, मग कुजबुज, मग हसणं. पाणी प्यायच्या निमित्तानं मी जवळ गेलो की सगळं बंद.

"काय चाललंय?" एकदा विचारलं.

"खेळायलोत, बाबा. नावं शोधायलोत."

"कुणाची?"

"योद्ध्यांची." दोघी फिस्सकन हसल्या.

नावं शोधायला इतके रविवार लागतात, हे मला पटेना. मुलगी क्लासला गेल्यावर वही उघडली. तमाई. खरिंगा. वीजवेली. काही नावं चारचारदा खोडलेली. प्रत्येकापुढं वय, शस्त्र, हकिकत. वीजवेलीपुढं मुलीच्या अक्षरात होतं, 'वय सतरा. बापाला न सांगता घर सोडलं.'

मुलगीही सतराचीच. हे तिच्या डोक्यातलं नाही, त्या दुसरीनं भरवलंय, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी मैत्रिणीला दारातच गाठलं. नाव विचारलं. तिनं सांगितलं.

"पुढं?"

ती चप्पल काढून आत यायला लागली.

"आडनाव काय, पोरी? गाव कोणतं? राहायला कुठल्या भागात?"

माझ्या संशयाचा आडनावाशी काही संबंध नव्हता. पण आमच्या भावकीत माणूस ओळखायची रीतच ती. आडनाव कळलं की त्याला ओसरीवर बसवायचं की आत बोलवायचं, हे न बोलता ठरायचं. तिनं आडनाव सांगितलं. मी "बरं" म्हणालो. एवढंच. पण ते कसं म्हणालो, हे तिला बरोबर कळलं. काढलेली चप्पल तिनं परत पायात घातली.

"उशीर व्हायलाय, काका. जाते."

त्यानंतर तीन रविवार ती आली नाही. चौथ्या रविवारी मुलीनं वही माझ्यापुढं टाकली.

"वाचलीच ना तुमी? परत ठेवताना उलटी ठेवली तुमी. आता पहिलं पान पण वाचा."

पहिल्या पानावर वेगळं अक्षर होतं. 'नियम एक : कुणालाच आडनाव नाही.'

"हा नियम तिचा, बाबा. मी विचारलं, कशाला गं? तर म्हणाली, एका तरी जागी कुणी 'पुढं?' विचारू नये."

मी वहीची पानं उलटली. "आणि ती घर सोडलेली वीजवेली?"

"ती राक्षस मारायला निघालीय! बापाला सांगितलं असतं तर सोडलं असतं का त्यानं?"

संध्याकाळी मुलीला घेऊन मैत्रिणीच्या घरी गेलो. तिचे वडील शाळेत शिक्षक. दार उघडून "या, आत या" म्हणाले, खुर्ची पुढं केली. मी कोण, कुठला, काहीच विचारलं नाही. मला बसवेना. मैत्रीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, कपाळाला आठ्या घालून.

"पोरी," मी म्हणालो, "तुमची वही मी चोरून वाचली. आणि त्या दिवशी आडनाव विचारलं, ते ओळख करून घ्यायला नव्हतं, तुला जोखायला होतं. तुझ्या वडिलांसमोर सांगतो, माझं चुकलं. मला माफ कर."