मनोरीचं पॅनल बोलेना

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत हर्षदभाईंचं वर्कशॉप आहे. तिथे यंत्रं चालवणारी विजेची पॅनलं बनतात. बाहेरून बघाल तर नुसतं लोखंडी कपाट. आत कंट्रोलर नावाचा छोटासा मेंदू, आणि त्याच्याभोवती तारा अशा चापूनचोपून बसवलेल्या, की एखाद्या सुगरणीनं डब्यात करंज्या लावाव्यात. हे लावणं सुलक्षणाच्या हातचं. मनोरीच्या कोळीवाड्यातली ही बाई आयटीआय शिकून इथे लागली, ती चाळिशी आली तरी इथेच. रोज खाडीपलीकडे नेणारी फेरीबोट पकडून मार्व्याला उतरायचं, तिथून मालाड, मग मरोळ. अंगाला मासळीचा वास येतो म्हणून सुरुवातीला नाकं मुरडणारे आता तिच्या डब्यातल्या कालवणावर डोळा ठेवून असतात.

त्या डब्यावर सगळ्यात मोठा डोळा नमिताचा. बोरिवलीची डिप्लोमावाली पोरगी. आली तेव्हा तिला तार सोलताही येत नव्हती, आतलं तांबंच तोडून ठेवायची. सुलक्षणानं हाताला धरून शिकवलं. "अगं, तार आहे ती, शेवग्याची शेंग नाही," असं म्हणत.

आणि आता लॅपटॉप नमिताच्या खांद्यावर.

कंट्रोलरच्या बगलेत एक पोर्ट असतो, सिरीयल पोर्ट म्हणतात त्याला. त्यातून दोन बारीक तारा निघून मीटरला जातात. मीटर तापमान सांगणार, कंट्रोलर ऐकणार, आणि मग यंत्र सुरू. हे सगळं जुळलं की वर्कशॉपमध्ये म्हणतात, "पॅनल बोललं!" सुलक्षणा आठवडाभर मान मोडून तारा लावायची आणि शेवटी नमिता लॅपटॉप जोडून चार बटणं दाबायची. पॅनल बोललं की गिऱ्हाईक हात मिळवायचं ते नमिताशी. चहा आधी तिला, मग उरला तर बाकीच्यांना. बारसं एकीनं करावं आणि बाळंतपण दुसरीनं सोसावं, असा सगळा प्रकार.

सुलक्षणा वरून हसायची. पण आत कुठेतरी आमसुलासारखं काहीतरी काळंआंबट साचत चाललं होतं.

त्यात मनोरीच्या मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्याचं काम आलं. तिच्या गावचं! तिनं घरी सांगूनही टाकलं, "आये, मीच येणार ते चालू करायला." आई मंजुळा बाजारात मासळी विकते. तिनं पाटीवर बसल्या बसल्या निम्म्या गावाला ऐकवलं.

सुलक्षणानं त्या पॅनलवर जीव ओतला. मीटर नवीनच कंपनीचा होता. तिच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय, लाल वर, काळी खाली. तशा तिनं लावल्या. दार बंद करण्याआधी कापड फिरवताना मीटरच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांकडे तिचं लक्ष गेलं. या कंपनीनं अधिकचं चिन्ह खाली छापलं होतं. म्हणजे दोन्ही तारा उलट्या. जळणार काही नाही, फक्त कंट्रोलरला मीटरचं बोलणं कळणार नाही. स्क्रू-ड्रायव्हर हातातच होता. क्षणाचं काम.

तेवढ्यात हर्षदभाई केबिनमधून ओरडले, "नमिता, रविवारी मनोरी तू जा. टेस्टिंग पण तिकडेच कर, टेम्पो खाली आला आहे. सुलक्षणा, तू पॅकिंग करी दे जरा."

पॅकिंग करी दे. तिच्या गावात, तिच्या माणसांसमोर नमिता जाणार, आणि तिनं दोऱ्या बांधायच्या.

सुलक्षणानं स्क्रू-ड्रायव्हर एप्रनच्या खिशात टाकला आणि दार लावून घेतलं. 'बघू दे की बाईसाहेबांना,' ती मनाशी म्हणाली.

रविवारी ती घरीच होती. भाऊ धाकू दुसऱ्या दिवशी बोट घेऊन समुद्रात जायचा होता, त्याच्यासारखे आणखीही होते. आज यंत्र सुरू झालं तर उद्या बर्फ. नाहीतर बोटी किनाऱ्यालाच. बर्फाशिवाय समुद्रात जाऊन काय, मासळी सडवून आणायची?

दुपारी धाकू वैतागून आला. "सुले, ती तुजी बाय सकालपासून डब्याशी बोलते, पन डबा काय तिच्याशी बोलं ना!"

सुलक्षणाला हसू आवरेना. आवरेना म्हणजे खरंच, पदर तोंडाला लावावा लागला. मग ती साडी नीट करून, केस विंचरून कारखान्यावर गेली. बघायला.

कारखान्यात ही गर्दी. मंजुळा सगळ्यांच्या पुढे. "आमचे पोरीला धाडली असती तर आतापर्यंत बरफ खाल्ला असता," ती मोठ्यानं म्हणत होती. कुणीतरी म्हणालं, "गो बाय, त्याला मराठी येत नसंल, विंग्रजीत इचार!" पुन्हा हशा. सुलक्षणाला ते ऐकताना असं गार वाटलं, जसं उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं.

नमिता जमिनीवर मांडी घालून बसली होती. लॅपटॉपवर पुन्हा पुन्हा तीच लाल ओळ येत होती, मीटरकडून उत्तर नाही. तिनं बोलण्याचा वेग बदलून पाहिला, मीटरचा पत्ता बदलून पाहिला. बिस्किटाचा पुडा तसाच न फोडलेला. फोनवर हर्षदभाई तडकलेले असावेत, कारण नमिता सारखी "हो सर, हो सर" करत होती. मग ती म्हणाली, "नाही सर, तारा नाही उघडून बघितल्या. सुलक्षणाताईंनी लावल्यात ना. त्या कशाला बघायच्या? चूक माझ्याच सेटिंगमध्ये असणार."

सुलक्षणा दारातच थबकली.

नमितानं मान वर केली आणि तिचा चेहरा उजळला. "ताई! बरं झालं आलात. माझी पार वाट लागलीय हो."

सुलक्षणा पुढे गेली. मेन स्विच बंद केला. पॅनलचं दार उघडलं, मीटरच्या मागच्या दोन तारा सोडवल्या, लाल खाली घेतली, काळी वर घेतली, स्क्रू आवळले. मग स्विच चालू. लॅपटॉपवरची लाल ओळ गेली, आकडा आला. मीटरवर जो आकडा, तोच कंट्रोलरला कळला. थोड्या वेळानं मागच्या खोलीत कंप्रेसर घरघरायला लागला.

काय जल्लोष झाला म्हणता! मंजुळा तर नाचायचीच बाकी. "बगितला? एका हातानं केलान! ती विंजनेर सकालपासून बसली तिला जमला नाय!" सोसायटीचे अध्यक्ष गुणाजी स्वतः खुर्ची घेऊन आले, "बस बाय, बस." पहिला चहा सुलक्षणाच्या हातात आला. इतकी वर्षं जे हवं होतं ते सगळं, बशीसकट.

चहा तिनं न पिताच बाजूला ठेवला.

नमिता पॅनलमध्ये डोकावून बघत होती. "ताई, तारा उलट्या होत्या? तुमच्याकडून?" ती हसून म्हणाली. "म्हणजे तुम्हीपण माणूसच आहात तर!"

"सवयीनं लागल्या," सुलक्षणा म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. पण नमिता अजून हसतच होती, आणि ते हसू तिला सोसवेना. "पॅकिंग करतानाच दिसलं होतं मला."

"मग सोडवल्या का नाहीत?"

"तुला पाठवलं ना इकडे."

नमिताचं हसू विझलं. तिला समजायला वेळ लागला नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून लोक हसतायत मला, ताई. मी तुमच्या तारांकडे बघितलंसुद्धा नाही." मग लॅपटॉप बॅगेत घालून ती उठली.

सुलक्षणा मंजुळेकडे वळली. "आये, पुरे कर. तार मीच उलटी लावली होती. त्या पोरीची काय चूक नाय."

"गप गो," मंजुळा पुटपुटली. "चारचौघांत कशाला सांगतेस?" पण ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं होतं. गुणाजींनी खुर्ची परत नेली नाही, एवढंच. नमिता तोवर जेट्टीच्या वाटेला लागली होती. सुलक्षणानं हाक मारली, तिनं मागे पाहिलं नाही.

सोमवारी वर्कशॉपमध्ये हर्षदभाई खूश. "शाबास नमिता, मनोरीवाला फोन आला, बर्फ झकास!" सुलक्षणाला वाटलं, आता ही सांगेल. नमिता फक्त "थँक यू सर" म्हणाली.

जेवायच्या सुट्टीत सुलक्षणानं तळलेली बोंबलाची तुकडी पुढे केली. "आज पोट ठीक नाही," नमिता म्हणाली, आणि आपली भाजी-पोळी खात राहिली.

दुपारी पुढचं पॅनल तयार झालं. नमितानं लॅपटॉप काढला नाही. मल्टीमीटर काढला, आणि सुलक्षणानं लावलेली एकेक तार या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायला बसली. तार बरोबर असली की मल्टीमीटर 'पीं' करतो. पीं. पीं. पीं. वर्कशॉपभर तोच आवाज.

हर्षदभाई जाता जाता थांबले. "अरे, सुलक्षणानी वायरिंग कधीपासून चेक करवा लागली?"

"सवय लावून घेतेय, सर," नमिता मान वर न करता म्हणाली.

सुलक्षणा शेजारच्या पॅनलवर काम करत होती. लॅपटॉपची बॅग अजूनही नमिताच्याच खुर्चीला लटकत होती आणि अजूनही तिच्याकडे बघितलं की आत आंबट व्हायचंच, त्याला इलाज नव्हता. पण आता त्या प्रत्येक 'पीं'ला तिचा स्क्रू-ड्रायव्हर थांबत होता. ती उठली, नमिताच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि पॅनलमध्ये टॉर्च धरली.

"पोर्टच्या तारा आधी बघ," ती म्हणाली. "नीट बघ."

नमितानं बघितल्या.