खो-खोच्या पोरींबरोबर सिंदीपर्यंत

हिंगणघाट मागे टाकून एसटी वडनेरच्या रस्त्याला लागली, तेव्हा आईने खिडकीबाहेर बघत विचारलं, “अगं, इथले डोंगर कुठे गेले?” सगळा जन्म देवरुखात काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! दोन्ही बाजूंना काळी जमीन पार आभाळाला टेकलेली, आणि तिच्यावर पांढरा फुटलेला कापूस. एवढं मोठं आभाळ मीही कधी पाहिलं नव्हतं.

एकोणऐंशी सालची दिवाळी नुकतीच झाली होती. माझी ताई वडनेरच्या शाळेत शिक्षिका. तिला मुलगा झाला होता आणि बाळंतपणाला कोकणात येणं तिला जमलं नव्हतं, म्हणून मी आईला घेऊन निघाले होते. आईला पोचवायचं, आठवडाभर राहायचं आणि परतायचं, असा बेत होता. प्रत्यक्षात मी संक्रांतीपर्यंत राहिले, आणि ते भाच्यामुळे नव्हे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पी.टी.चे वानखडे सर दारात उभे. उंच, सडसडीत, गळ्यात शिट्टी. शाळेचे दोन संघ हिवाळी सामन्यांना जायचे, मुलांचा कबड्डीचा आणि मुलींचा खो-खोचा. मुलींना दरवर्षी ताई न्यायची. यंदा ती खाटेवर.

“लेडीज टीचर नसन त पोरींच्या घरचे पाठवत नाई म्हणून राह्यले,” सर मला म्हणाले. “तुमी चालता का?”

“मी? मला खो-खोतलं काही कळत नाही हो.”

“खेळाचं मी पाहतो. तुमी फक्त सोबत असा.”

आतून ताईचा आवाज आला, “ती येतेय म्हणून सांगा!” मला विचारायची तिला गरज वाटली नाही.

संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर गेले. शेजारच्या रस्त्याने कापसाच्या बंड्या (बैलगाड्या) चालल्या होत्या आणि त्यांच्या धुळीत मुली अनवाणी पळत होत्या. त्यांच्यातली एक लगेच नजरेत भरली. वनिता, दहावीतली, संघाची कप्तान. काटक, सावळी, वेणी पोलक्यात खोचलेली. पाठलाग करणारी अगदी हाताशी आली की ती अशी वाकायची, की समोरचीच्या हाती नुसता वारा लागायचा.

“घाबरत नाहीस पडायला?” मी विचारलं.

“पडल्यावर पाहू न बाई,” ती म्हणाली. “आधीच काऊन भ्यायचं?”

मुलांचा कबड्डी संघ हिंगणघाटलाच हरून परतला. मुली मात्र जिंकून पुढच्या फेरीत गेल्या आणि आम्ही समुद्रपूरच्या सामन्यांना निघालो. पहाटेची थंडी बोचरी होती. आमच्याकडे थंडी अशी नसते. इथे ती अंगात शिरून बसते. मुलींनी एकमेकींच्या शालीत शिरून एसटीत गाणी सुरू केली. समुद्रपूर दीडेक कोस राहिलं असताना गाडीने वाफ सोडली आणि ती थांबली. कंडक्टर खाली उतरून पाहून आला.

“आता हे काई हलत नाई, बाई. दुसरी येईन तवा जाजो.”

पहिलाच सामना आमचा होता. चालत गेलो तर मुलींचे पाय दमणार, थांबलो तर सामना हुकणार. सर रस्त्यावर येरझारा घालू लागले. तेवढ्यात मागून कापसाची एक बंडी आली. वर, कापसाच्या ढिगावर, एक बाई तान्ह्या लेकराला घेऊन बसली होती आणि तिचा नवरा बैल हाकत होता. तिने बंडी थांबवायला लावली.

“कोठी चालल्या व पोरीहो?”

“समुद्रपूरले, खो-खो खेळाले,” वनिता म्हणाली.

“मंग पायी काऊन? अहो, घ्या त्याईले वरतं.”

नवरा कुरकुरला, “कापूस दबते न.”

“दबला त दबला. पोरी हायेत.”

नवऱ्याने खाली उतरून मुलींना हात दिला. कापसाच्या ढिगावर बसून मी त्याआधी कधी प्रवास केला नव्हता आणि नंतरही नाही. ऊन वर येत होतं, खाली मऊ आणि उबदार, दोन्हीकडे तुरीची वावरं (शेतं) पिवळी फुललेली. मैदानावर उतरलो तेव्हा आमच्या केसांत, पापण्यांवर, कपड्यांवर कापसाचे पुंजके चिकटले होते. दुसऱ्या संघातल्या मुली फिदीफिदी हसल्या. “म्हाताऱ्या आल्या, म्हाताऱ्या!” असं कुणीतरी ओरडलं. दुपारपर्यंत ते हसणं थांबलं, कारण आमच्या म्हाताऱ्या दोन्ही सामने जिंकल्या होत्या.

जेवण तिथल्याच एका शिक्षकांच्या घरी होतं. ज्वारीची भाकर, झणझणीत पाटोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्यांची पातळ भाजी) आणि ठेचा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी तिसरी भाकर घेत होते. घरच्या काकूंनी विचारलं, “बाई, सांबार टाकू का थोडा?” मला वाटलं, मद्राशी आमटी असेल. मी वाटी पुढे केली. काकूंनी वाटीत चिमूटभर कोथिंबीर टाकली आणि माझा चेहरा पाहून सगळ्या पोरी लोटपोट झाल्या. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता जिल्ह्याचे सामने सिंदीला, रेल्वे स्टेशन असलेल्या सिंदीला. वडनेरात परतल्यावर दोनच दिवसांनी वनिताचे वडील दौलतराव ताईकडे आले. धोतर, खांद्यावर दुपट्टा, बोलणं मोजकं. ते ओसरीत बसले आणि बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

“वनिताले नाई पाठवत मी,” ते शेवटी म्हणाले. “त्याच दिवशी पाव्हणे येऊन राह्यले तिले पाहाले. चांगलं घर हाय. वावर हाय, विहीर हाय.”

ताई उठून बसली. “दौलतराव, तिची दहावी तरी होऊ द्या.”

“दहावीचं आमी कुठं नाई म्हणतो? पाव्हण्याईनं पाह्यलं म्हणजे लगन झालं का?”

मी सहज विचारलं, “पाहुणे कुठले?”

“सिंदीचे.”

मी आणि ताईने एकमेकींकडे पाहिलं. मी म्हटलं, “मग त्यांना इतक्या लांब कशाला त्रास? आम्ही वनिताला सिंदीलाच नेतोय. सकाळी ती खेळेल, दुपारी ते पाहतील. तुम्हीही चला.”

दौलतराव माझ्याकडे बघतच राहिले. मग मिशीत हसले. “कोकणातली माणसं हुशार असतेत म्हंतेत,” ते म्हणाले आणि टोपी घालून उठले.

सामन्यांच्या आदल्या दिवशी हिंगणघाटहून पॅसेंजर धरली आणि वर्ध्याला गाडी बदलून दिवेलागणीला सिंदीला उतरलो. स्टेशनाबाहेर पडलो तोच कापसाचा वास आला, उन्हाचा आणि सरकीच्या तेलाचा मिसळलेला. जिनिंगच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) आवारात कापसाचे ढीग घरांएवढे उंच होते. आमची सोय एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी केली होती. शेठाणीबाईंनी मुलींना कढत पाण्याने हातपाय धुवायला लावले आणि प्रत्येकीच्या पुढ्यात स्वतः वाढलं. “बेटा, शरमाना नहीं. पोटभर खाजो,” त्या म्हणत होत्या. वनिताच्या टाचेला भेग पडून रक्त आलं होतं. त्यांनी तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन त्यात कोमट तूप भरलं. वनिता संकोचून पाय ओढत होती आणि त्या तो सोडत नव्हत्या.

सकाळचा सामना आम्ही जिंकलो. पण अंतिम सामना सकाळी व्हायचा तो दुपारवर गेला, आणि नेमके त्याच वेळी पाहुणे आले. मुलाचे काका आणि आणखी दोघं. दौलतराव मैदानाच्या कडेला माझ्या शेजारीच बसले होते.

“पोरगी कोठी हाय, दौलतराव?”

दौलतरावांनी मैदानाकडे हात केला.

शेवटचा डाव होता. आमच्या बाकीच्या मुली बाद झाल्या होत्या आणि वनिता एकटी खांबांच्या मधून पळत होती. गुडघा फुटलेला, स्कर्टवर माती. समोरच्या मुली एकीमागून एक खो देऊन अंगावर येत होत्या आणि ती दोघींच्या मधून पाण्यासारखी निसटत होती.

“हे का?” काका म्हणाले. “हे अशी पयते? चारचौघात?”

दौलतरावांची नजर मैदानावरच होती.

“आमाले सून पाह्यजे बाप्पा, हरीण नाई. बोलवा तिले बाहेर. आमाले उशीर होऊन राह्यला.”

दौलतराव उठले. वानखडे सरही दुरून बघत होते. आता हे हाक मारणार, ती थांबणार, आणि सगळं संपणार. त्याच क्षणी वनिताने खांबाला हात घालून अशी गिरकी घेतली, की तिच्यावर झेपावलेली मुलगी सपशेल मातीत गेली. सगळं मैदान ओरडलं.

दौलतराव तसेच उभे राहिले. पाहुण्यांकडे न वळता ते म्हणाले, “उशीर होत असन त जा तुमी. मले पाहू द्या. मी बी तिले आजच पाहून राह्यलो.”

पाहुणे थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. त्यांना निरोप द्यायला दौलतराव वळलेसुद्धा नाहीत.

आम्ही एका गुणाने हरलो. शिट्टी वाजली तशी वनिता जिथे होती तिथेच बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडू लागली. दौलतराव हळूहळू मैदानात गेले. चुन्याने आखलेल्या रेघेवर पाय पडू नये म्हणून ते ती ओलांडून गेले. तिच्याजवळ उकिडवे बसून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी मागे जाऊन उभी राहिले.

“पाव्हणे कोठी गेले?” तिने डोळे पुसत विचारलं.

“गेले. त्याईले उशीर होत होता.” मग त्यांनी विचारलं, “पुढच्या साली बी असते का हे?”

“असते. कॉलेजात गेलं तरी असते.”

“मंग रडतं काऊन?” म्हणत त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाने तिच्या गुडघ्यावरची माती झाडली.

संक्रांतीचा तिळगूळ खाऊन मी परत निघाले. आई अजून महिनाभर राहणार होती. हिंगणघाट स्टेशनवर मला सोडायला सगळा संघ आला. गाडी हलली तशा त्या फलाटाच्या टोकापर्यंत डब्याबरोबर पळाल्या, आणि सगळ्यांच्या पुढे कोण होतं ते सांगायला नको.

देवरुखला लोकांनी विचारलं, विदर्भात काय पाहिलंस? तिथे समुद्र नाही, धबधबा नाही. मी पाहिली ती माणसं. ज्यांनी मला ओळखत नसताना आपल्या मुली माझ्या हवाली केल्या, आम्हाला जेवू घातलं, आणि बदल्यात फक्त “पुन्हा येजो” म्हटलं. या उपकारांची परतफेड कशी करायची ते मला अजून सापडलेलं नाही. कदाचित ती करायची नसतेच.

हिंगणघाटहून सुटलेल्या त्या गाडीत समोरच्या बाकावर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. फलाट मागे पडेपर्यंत त्या खिडकीतून बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, “एवढ्या साऱ्या पोरी कोण तुमच्या?”

“आमची टीम,” मी म्हटलं, आणि ते म्हणताना मला रडू आलं.