चौकातलं भाषण
तापलेल्या ॲम्प्लिफायरचा वास आला की मला आमच्या गावातली ती सभा आठवते. लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचा माझा धंदा तेव्हा नवीन होता. उन्हं कलल्यावर चौकात गर्दी जमली. वक्ता बाहेरगावचा होता. आधी त्यानं पाण्याच्या टँकरची, कांद्याच्या भावाची आपुलकीनं चौकशी केली, लोकांना हसवलं, आणि मग आवाज हळूहळू खाली आणत म्हणाला, ‘‘तुमच्या वाट्याचं कोण खातंय, ते जरा शेजारी बघा.’’ माना एकेक करत शिंप्याच्या दुकानाकडे वळल्या. गावातलं मुसलमानाचं ते एकच घर. म्हातारे चाचा मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसले होते. त्यांचा पाय थांबला. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. सभेनंतर वायर गुंडाळत मी त्यांच्या दारापाशी पोचलो, तेव्हा दोन गिऱ्हाइकं न शिवलेलं कापड परत घेऊन निघाली होती. चाचा म्हणाले, ‘‘तू बी टाळ्या वाजवल्यास व्हय रं?’’ मी ओशाळलो. ‘‘बोललाच तसा तो, चाचा.’’ ‘‘व्हय, लई भारी बोलला. मलाच माझी भीती वाटाया लागली.’’ पुढच्याच महिन्यात ते दुकानाला कुलूप घालून नागापूरला मुलाकडे निघून गेले. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं, आणि थांबा असंही कुणी म्हणालं नाही. बाकीचं भाषण मी आता विसरलोय. पण सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताना मला किती बरं वाटलं होतं, ते अजून विसरता येत नाही.