न उगवलेले ट्रे

सकाळच्या बसने पुण्याहून निघाले तेव्हा माझ्या यादीत चार कामं होती: ट्रे, माती, पाणी आणि नोंदी तपासणं. आमच्या संशोधन केंद्राच्या सरांच्या यादीत एकच होतं: निकालावर छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेची सही. ज्वारीच्या बियाण्यासाठी आम्ही एक लेप तयार केला आहे. पुण्यात लेप लावलेलं बी कमी ओलीतही उगवलं. तेच मराठवाड्याच्या काळ्या मातीत, दुसऱ्यांच्या हातून उगवलं, की रब्बीच्या पेरणीआधी शिफारस छापायची, असं ठरलं होतं. "सही आणा, खोलात जाऊ नका," सर म्हणाले. मी हो म्हणाले नाही.

वाळूजचे कारखाने दिसू लागताच शहर आलं असं वाटून मी बजाजनगरलाच उतरले. रिक्षावाल्याने माझ्याकडे आणि पिशव्यांकडे आळीपाळीने पाहिलं. "गारखेड्याला जायचं आन् इथं उतरल्या? बसा. आता अख्खं शहर बघायला मिळंल."

गारखेड्यात प्रयोगशाळेच्या शाहीन मॅडम दारातच उभ्या होत्या. आधी फोनवरच काय तो परिचय. काम दाखवा म्हटलं तर त्यांनी थेट घरी नेलं. नान आणि खलिया (मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा) पुढे आला. माझं ताट रिकामं दिसलं की त्या पुन्हा वाढत. नको म्हणायची सोयच नव्हती.

जेवण उरकून प्रयोगशाळेत आलो. खिडकीशी ट्रे मांडलेले होते आणि प्रत्येकात हिरवे कोंब तरारून आले होते. इतकं छान, की मला शंका आली. लेबलं वाचत गेले. एक, दोन, मग एकदम पाच. पुढे सहा, नऊ.

"तीन आणि चार कुठं आहेत?"

शाहीन मॅडम पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही पाव्हण्या. आल्या आल्या तुम्हाला वाईट दाखवायचं का?"

तीन, चार, सात, आठ आणि दहा, हे बाकीचे ट्रे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली होते. त्यांतही लेपाचंच बी होतं, पण वर नुसती माती दिसत होती. कुठे एखादा कोंब, तोही पिवळा.

"आमच्याच हातून कायतरी चुकलं असंल," त्या म्हणाल्या. "तुमचं पुण्याचं काम हाय. ते कसं चुकंल?"

मला राग आला. त्यांचा नव्हे, त्या वाक्याचा. त्यांनी मन लावून प्रयोग केला होता. जे दिसलं ते आमच्या नावाला धक्का लावील म्हणून गोणपाटाखाली गेलं होतं. त्यांच्यासारखे लोक असंच झाकून ठेवतील, या भरवशावर तर सरांनी मला पाठवलं होतं.

"चूक तुमचीच कशावरून?" मी म्हणाले. "सगळे ट्रे आत आणू."

आम्ही दोघींनी ते उचलून आणले आणि नंबराप्रमाणे लावले. मग टेबल अगदी वेगळं दिसू लागलं. आमची माती, त्यांची माती, पाणी घालायची पद्धत, सगळ्यावर बोललो. कारण त्या दिवशी सापडलं नाही. तेही तसंच अहवालात लिहिलं.

सरांना फोन केला. सही मिळाली का, एवढंच त्यांनी विचारलं.

"मिळाली. निम्मे ट्रे उगवले नाहीत, यावर. माझीही आहे."

शिफारशीवरून माझं नाव काढावं लागेल, असं ते म्हणाले. काढा, पण शाहीन मॅडमचा निकाल मी झाकणार नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

निघताना शाहीन मॅडमनी मला थांबवलं. "आता आमचा प्रयोग तुमच्याकडं पाठवते. नाय जमला तर तोंडावर सांगायचं. पाव्हणचार नको."

"नाही करणार," मी म्हणाले. ही बोलणी झाली तेव्हा खरी भागीदारी ठरली, असं मी समजते. सही त्यामानाने क्षुल्लक.

परतीच्या बसमध्ये तीन आणि चार नंबरचे ट्रे मांडीवर होते. शेजारच्या बाईंनी वाकून पाहिलं. काय लावलंय, विचारलं. ज्वारी, मी म्हणाले.

"कुठंय?"

"उगवलीच नाही."

"मग नुसती माती कशाला नेताय?"

"आमच्या साहेबांना दाखवायला."

दुसऱ्या दिवशी शिफारशीचा मसुदा सरांच्या टेबलावर होता. दोन्ही ट्रे मी त्याच्यावरच ठेवले.