स्टेनोबाईंच्या टाळ्या

स्टेनोबाईंसमोर जरा जपूनच बोलावं लागे, कारण तुम्ही तोंड उघडलंत की त्या तुमचं बोलणं मांडीवर टाईप करू लागत. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये त्या स्टेनो होत्या. आमच्या सेक्टरातल्या मराठी घरांत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. भाजी ढवळतानाही त्यांचा दुसरा हात ओट्यावर चालूच असायचा. "बोटं रिकामी ठेवली का जंग लागते, भाऊजी," असं त्या मला म्हणत.

सासूबद्दल काही तिखट बोलून गेल्या की डाव्या हाताची दोन बोटं जवळच्या टेबलावर आपटत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर केलेलं मागे घ्यायच्या दोन चाव्या दाबल्यासारखी. "कंट्रोल झेड. घेतलं वापस." आणि हसत. सासूबाईही हसत.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट आहे, छत्तीसगढ वेगळं व्हायचं होतं, भिलाई अजून मध्य प्रदेशातच होती. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मुली सुवा नाच करणार होत्या. दिवाळीच्या आधी छत्तीसगढी बाया दारोदार येऊन गोल धरतात आणि टाळ्यांवर नाचतात, तो. ढोलकवाल्याला ऐनवेळी सेकंड शिफ्ट लागली. मंडळाचा संगीतप्रमुख मी, आणि मी हौसेनं कॉम्प्युटर घेतलेला, त्यात संगीताचं सॉफ्टवेअर. मी छाती ठोकून सांगितलं, "ढोलक, टाळ्या सगळं मशीनवर बसवतो."

प्रत्यक्षात मी माउसनं एकेक ठोका उचलून पडद्यावरच्या चौकटीत ठेवत होतो. हात हलला की ठोका शेजारच्या घरात. नाच दोन दिवसांवर आला आणि माझी एक ओळही धड वाजेना. स्टेनोबाई लेकीला तालमीहून न्यायला आल्या आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

"हे का करून राहिले, भाऊजी? तांदूळ निवडून राहिले का?"

"सोपं नाही ते, बाई. संगीत आहे."

"सरका."

त्यांनी माउस उचलून खिडकीत ठेवला आणि मेन्यू उघडला. "उजवीकडे कीबोर्डच्या सगळ्या चाव्या लिहेल हायेत ना. तुम्ही डावीकडचंच वाचता." मग बोटं चालू लागली. एक ओळ निवडली, कॉपी, पेस्ट, पेस्ट, पेस्ट. बाणाच्या चावीनं सूर वर-खाली, ठोका मागे-पुढे. नजर पडद्यावर, चाव्यांकडे एकदाही नाही. चहा गार व्हायच्या आत सगळा नाच बसला. मी खूश झालो. त्या मात्र नाक मुरडून ऐकत होत्या.

"हे तर टायपिंगच्या परीक्षेसारखं वाजून राहिलं. बाया कधी एकदम टाळी वाजवतात का? एक गप्पात राहते, एकीच्या बांगड्या आड येतात."

आणि त्यांनी टाळ्या बिघडवायला घेतल्या. प्रत्येक टाळीच्या चार केल्या आणि बाणानं केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवल्या. "ही माही. ही तुमच्या मिसेसची, घाई करते. आन् ही पाटील वैनीची, सगळ्यायच्या मागून." वाजवून बघितलं तर खोलीत खरंच बाया उतरल्या! माझी बायको स्वयंपाकघरातून कढईसकट बाहेर आली.

नाच असा रंगला की दोनदा करावा लागला. मग माइकवरून जाहीर झालं, संगीत संयोजन अमुक अमुक, म्हणजे मी. मी उठलो आणि वाकून नमस्कार केला. तिसऱ्या ओळीत स्टेनोबाई जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या. मला एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. पुढच्या वर्षीही नाही.

रिटायर होऊन त्या भंडाऱ्याला निघाल्या, तेव्हा सामान चढवता चढवता मी सुरुवात केली, "बाई, त्या सुवा नाचाचं..." त्यांनी ट्रकच्या फळीवर दोन बोटं टकटक आपटली आणि गाडीत बसल्या. माफ केलं की विषय टाळला, हे मला वर्षानुवर्षं कळलं नाही. छातीवरचा दगड काही हलला नाही.

गेल्या महिन्यात त्या गेल्याचं कळलं. मंडळात शोकसभा झाली. मी काठी टेकत उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. ते ठोके, त्या टाळ्या माझ्या नव्हत्या, त्यांच्या होत्या. मान खाली घालून थांबलो. मग पाटील वहिनी पदर तोंडाला लावून हसू लागल्या.

"अवो भाऊजी, आमाले सगळ्यायले माहीत होतं. तिनंच त्या दिवशी सांगतलं."

"मग कुणी बोललं कसं नाही?"

"ती म्हणे, आता उठलेच हायेत तं बसवू नका त्यायले."

तेव्हा मी बसलो. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण कुणीतरी पहिली वाजवली आणि मग सगळ्यांनीच. एकदम नाही, केसभर इकडे, केसभर तिकडे. पाटील वहिनींची सगळ्यांच्या मागून आली.