तय्यबाभाभीचा घोड्यांचा तळ

लग्न होऊन नेरळला आली तेव्हापासून तय्यबा घोड्यांना घाबरायची. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच पागा होती. नवरा मोहियुद्दीन माथेरानला घोडे चालवायचा, त्याच्या आधी त्याचे वडील. हरभरा भिजवणं, कोंडा कालवणं हे काम तय्यबाचं. पण बादली पागेच्या उंबऱ्यावर ठेवली की ती मागे वळायची. आत पाऊल टाकायची नाही. मोहियुद्दीन हसायचा. म्हणायचा, "माझ्या घरात चार जनावरं, त्यात तीन घोडे आणि एक भित्रं मांजर."

मग कळंबच्या रस्त्यावर खडीच्या डंपरने त्याच्या मोटारसायकलला उडवलं. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की घाट चढायचं आता विसरा. हाताखालची माणसं दुसऱ्यांचे घोडे धरायला गेली. तिन्ही घोडे पागेत उभे राहिले. उभा घोडा बिघडतो. टायगर लाकडाची गव्हाण कुरतडायला लागला, बादशाह भिंतीला लाथा घालायला लागला. त्या लाथांचा आवाज खाटेवर पडलेल्या मोहियुद्दीनला दिवसभर ऐकू यायचा.

एके दिवशी कल्याणहून वरातीचे घोडे पुरवणारा माणूस आला. त्याला शबनम हवी होती, कारण शबनम पांढरी. त्याने तिचे दात पाहिले, पाय पाहिले, मग कानाच्या मागे जोरात टाळी वाजवली. घोडी खुरांपर्यंत थरारली.

"डीजेची सवय लावावी लागेल," तो म्हणाला. "लागते. नाचायला पण शिकतात."

तय्यबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. हातातलं पीठ तसंच ठेवून ती बाहेर आली.

"घोडी विकायची नाय," ती म्हणाली.

मोहियुद्दीन वॉकरला धरून उभा होता. त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो माणूस गेल्यावर त्याने विचारलं, "मग चालवणार कोण? तू?"

"हो. मी."

"पागेत कधी पाय तरी टाकलास?"

"उद्या टाकते."

तो हसला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी ती खरंच पागेकडे निघाली तेव्हाही त्याने मान वळवली नाही.

तिला शिकवलं पोशाने. पोशा कळंबच्या पलीकडच्या ठाकूरवाडीतला. एके काळी सीझनला माथेरानला मोहियुद्दीनचेच घोडे धरायचा, आता गवताचे भारे आणून द्यायचा. तो म्हणाला, "भाभी, पयलं काय करू नका. नुसत्या उभ्या ऱ्हा. त्यांना तुमचा वास कळू द्या."

ती उभी राहिली. रोज थोडी जास्त आत जाऊन उभी राहिली. मग खरारा करायला शिकली, मग खूर उचलून साफ करायला. एकदा बादशाहने तिच्या पावलावर पाय दिला आणि नख काळंनिळं झालं. घरात ती काही बोलली नाही, पण तिला लंगडताना मोहियुद्दीनने पाहिलं.

"कोणी पाय दिला?"

"बादशाहनं."

"उजवीकडून गेलीस?"

"हो."

"मग देणारच. त्याला उजव्या डोळ्यानं कमी दिसतं. डावीकडून जायचं, आणि आधी हाक मारायची."

हा त्याचा पहिला धडा. त्यानंतर तो खाटेवरून ओरडायला लागला: पोटाचा तंग ढिला आवळलास, खोगीर पुढे सरकलंय, लगाम दोरीसारखा काय धरतेस. ती ऐकायची आणि तसं करायची. पण डोंगरात घोडे न्यायचं नाव काढलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

माथेरानच्या रांगेत जाऊन उभं राहायचं नाही हे तिने ठरवलं होतं. तिथे जुने जाणते घोडेवाले. तिला कोणी धड उभं राहू दिलं नसतं. वाट काढली ती पोशानेच. त्याच्या वाडीला लागून रानाच्या कडेला त्याची वरकस जमीन होती, वर्षभर नुसतं गवत उगवणारी. बाजूला झरा. तिथून गुरांची वाट रानातून वर पठारापर्यंत जात होती. "इथं तंबू लावा," पोशा म्हणाला. "घोडे बी इथंच बांधा. शहरातली मान्सं येतील."

मुलगी सिद्रा कर्जतला कॉलेजात होती. वाटेसाठी वनखात्याची परवानगी काढायला तिने हेलपाटे घातले, तंबू भाड्याने आणले, फोनवर जाहिरात टाकली. तय्यबाने एकच अट घातली. येणाऱ्याने नुसतं घोड्यावर बसायचं नाही. पाणी दाखवायचं, खरारा करायचा, रात्री घोड्यांच्या शेजारी झोपायचं आणि सकाळी त्यांच्याबरोबर डोंगर चढायचा. फेरीचा घोडा नको, सोबतीचा हवा, असं तिचं म्हणणं.

पहिला तळ डिसेंबरात पडला. शेलूच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहणारी संजना आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या. पोशाच्या बायकोने, जनाने, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं केलं. पोरींनी बादशाहच्या शेपटीतली कुसळं काढली. सगळं छान चाललं होतं.

सकाळी उजाडता उजाडता वरच्या रानात वानरांनी एकदम खॅक खॅक सुरू केलं. बिबट्या दिसला असेल, नसेलही. टायगर आणि बादशाह बांधल्या जागी फुरफुरले. शबनमने मात्र मान झटकली. तिचा खुंटा झऱ्याजवळच्या ओल्या मातीत होता. तो उपटला आणि दोरीसकट खुंटा ओढत घोडी रानात घुसली.

तय्यबा आणि पोशा मागोमाग धावले. मातीत खुंट्याचा ओरखडा दिसत होता. पठाराची वाट सोडून तो ओरखडा उजवीकडे वळला आणि कड्याच्या पोटातून जाणाऱ्या जुन्या लाकूडतोड्यांच्या वाटेला लागला. पोशा थांबला.

"ही वाट पावसात तुटलीय भाभी. पुढं नाय जात."

थोडं पुढे गेल्यावर शबनम दिसली. डाव्या बाजूला कातळ, उजव्या बाजूला दरी, समोर कोसळलेल्या दगडांचा ढीग. वळायला जागा नव्हती. दोरी मागच्या पायाजवळ कारवीच्या मुळात अडकली होती आणि घोडीचे चारही पाय थरथरत होते. मागून हाक मारली तर ती दचकली असती. तिच्या तोंडाशी जायचं तर वरून दोरावर उतरायला हवं होतं.

"मी जातो," पोशा म्हणाला.

"मग वरून दोर कोण धरणार? मी? माझ्या हातून तुमी सुटाल. तुमी धरा, मी उतरते."

पोशाने तिच्याकडे पाहिलं. हे बरोबर होतं, आणि ते त्याला आवडलं नव्हतं. तो वर चढला. ऐनाच्या झाडाला दोराचा वेढा घातला, दुसरं टोक तिच्या कमरेला बांधलं आणि आपली कोयती तिच्या हातात दिली. तय्यबाने ओढणी कमरेला खोचली. मग फोन काढला. डोंगरावर रेंज होती.

"शबनम कड्यावर अडकलीय," ती मोहियुद्दीनला म्हणाली. "वळायला जागा नाय. मागं कशी घ्यायची?"

ती शिव्या ऐकायच्या तयारीने उभी राहिली. पण तो बोलला तेव्हा त्याचा आवाज अगदी सावकाश होता.

"डोंगर तिच्या कुठल्या अंगाला?"

"डाव्या."

"मग तू पण त्याच अंगाला उभी रा, कातळाला पाठ लावून. छातीवर हात ठेव. ढकलू नको, नुसता ठेव. तिनं एक पाऊल मागं टाकलं की हात लगेच काढ. तीच तिची शाबासकी. आणि ऐक. तिचं तोंड जरा दरीकडं धर."

"दरीकडं?"

"तोंड दरीकडं गेलं की मागचं अंग डोंगराकडं येतं. तुझं मन उलटं सांगेल. मनाचं ऐकू नको."

"बरं."

"फोन ठेव आता. दोन्ही हात लागतील."

ती कारवीला धरत धरत दगडांच्या ढिगावर उतरली. शबनमने नाकपुड्या फुगवल्या. तय्यबाने आधी हाक मारली, मग तिच्या नाकाशी हात नेला, मग तोंडाशी दोरी हातभर ठेवून बाकीची कोयतीने कापली. मागच्या पायाजवळचा ताण सुटला आणि दोरी खाली पडली.

छातीवर हात ठेवला. काही झालं नाही. घोडी पुतळ्यासारखी उभी. तय्यबा वाट बघत राहिली. ती तोंडाने काहीबाही बोलत होती, सिद्रा लहान असताना तिला झोपवताना बोलायची तसं. शेवटी घोडीने एक पाय मागे टाकला. तय्यबाने हात काढला. पुन्हा ठेवला.

अशी अर्धी वाट झाली आणि घोडीचा मागचा उजवा खूर कडेवरून घसरला. माती भुरभुर खाली गेली. तय्यबाच्या अंगातली प्रत्येक शीर सांगत होती, ओढ तिला आपल्याकडे. तिने दात आवळले आणि घोडीचं तोंड दोन्ही हातांनी दरीकडे लोटलं. घोडीचं मागचं अंग हललं, कातळाला घासलं, खूर वर आला. वरून पोशाचा आवाज आला, "हाय का? भाभी, हाय का?"

"हाय!" ती ओरडली. "दोर ढिला सोडा, पुढं येतेय!"

वाट रुंद झाली तशी शबनम स्वतःच गर्रकन वळली. तिच्या खांद्याचा धक्का लागून तय्यबा खाली बसली ती बसलीच. पोशा उतरून आला, घोडीला धरलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "रडा जरा. मी हितंच हाय." ती रडली. मग ओढणीने तोंड पुसून उठली.

तळावर संजना आणि मैत्रिणी सामान भरून बसल्या होत्या. शबनमच्या मागच्या पायाला खरचटलेलं बघून संजना म्हणाली, "भाभी, आम्ही परत जातो. तुम्हाला आणखी त्रास नको."

"पठारावर जायला आला होतात ना?" तय्यबा म्हणाली. "दोन घोडे हायेत. आळीपाळीनं बसा."

जखम धुऊन हळद लावून शबनमला जनाच्या दारात बांधलं. जनाने विचारलं, "भाभी, जाशील गं तू आता परत वर?" तय्यबाने बादशाहला डावीकडून हाक मारली, तंग आवळला आणि निघाली. जिथे वाट फुटते तिथे पोशाने काटेरी फांद्या आडव्या टाकल्या. पठारावर गवत कमरेइतकं वाढून पिवळं झालं होतं आणि वारा होता. पोरी बसून बघत राहिल्या. तय्यबाने डबा उघडला आणि सगळ्यांच्या आधी जेवली, इतकी भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी शबनमला टेंपोतून घरी आणलं. मोहियुद्दीन फाटकात वॉकर धरून उभा होता. तो कष्टाने वाकला, घोडीचा पाय बोटांनी चाचपला.

"खुंटा कुठं ठोकलास?"

"झऱ्याजवळ."

"ओल्या जमिनीला लांब खुंटा लागतो. माळ्यावर पडलेत. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"भिंतीकडं तोंड करून पडलेल्या माणसाला काय विचारायचं?"

संध्याकाळी त्याने शेजाऱ्याच्या पोराला माळ्यावर चढवून खुंटे खाली काढून घेतले, आणि पुढच्या तळाला स्वतः टेंपोत बसून आला. खुर्ची टाकून बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला खूर कसा उचलायचा ते शिकवलं, जरा जास्तच वेळ.

दोन हिवाळे गेले. आता बादशाहला जना धरते आणि तिच्या वाडीतली सुनिता टायगरला. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्याने तिघींना विचारलं की घोडे आमच्या गेटवर उभे करा, पाहुणे फोटो काढतील. जना म्हणाली, "आमचे घोडे डोंगर चढतात, त्यांना उभं ऱ्हायला येत नाय." मोहियुद्दीनला बादशाहवर बसून एकदा पठारावर जायचंय. तय्यबा नको म्हणते, डॉक्टरांनी नको म्हटलंय. यावरून दोघांचं रोज वाजतं. या नोव्हेंबरात वाट साफ करायला ती कोयती घेऊन निघाली, तेव्हा खुर्चीतून तो ओरडला, "वरच्या वळणावर वाट जरा रुंद करा, बसलेल्या माणसाचा गुडघा कातळाला लागतो!"

"कोणाचा गुडघा?" तिने विचारलं.

"कोणाचाही," तो म्हणाला.

तिने वळण रुंद केलं.