तिच्यावर पाणी पडलं होतं का?

मावशीने फोनवर विचारलं, "पाणी पडलं होतं का गं तिच्यावर?" आणि मी फोन कट केला. रागानेच केला. उत्तर मला ठाऊक नव्हतं.

आमच्या वसईकडच्या जुन्या बायका बाप्तिस्म्याला असंच म्हणतात, पाणी पडणं. माझी आई लवकर गेली, मावशीनेच मला वाढवलं. लहानपणी तिच्याबरोबर गावच्या दफनभूमीत मेणबत्ती लावायला जायचे, तेव्हा ती भिंतीकडेचा एक कोपरा दाखवायची. पाणी न पडता गेलेली लेकरं तिथे, वेगळी. ना क्रूस, ना नाव. आता कुणी असं वेगळं पुरत नाही, फादरही तसं काही मानत नाहीत, आणि हे मावशीलाही माहीत आहे. पण माझ्या डोळ्यांपुढून तो कोपरा काही हलेना.

मला जुळी झाली, इथे कतारमध्ये, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. एक मुलगा, एक मुलगी. माझं बीपी इतकं चढलं की झटके आले, आणि मग मला काहीच कळलं नाही. शुद्धीवर आले तेव्हा मुलगा काचेच्या पेटीत होता आणि मुलगी नव्हती. नवऱ्याने तिला पुरलंसुद्धा होतं. मी तिचं तोंडही पाहिलं नाही. कुणासारखी होती, केस होते का डोक्याला, काही म्हणजे काही माहीत नाही.

मी नवऱ्याला बजावलं, तिच्याबद्दल माझ्यापुढे एक अक्षर काढायचं नाही. एरवी दूध आणायला सांगितलं तर दही आणणारा माणूस, हे मात्र त्याने तंतोतंत पाळलं. खरं तर मला एकच विचारायचं होतं. ती तशीच गेली का? पाण्यावाचून, नावावाचून, कुणाचीच नसल्यासारखी? पण तो "हो" म्हणाला असता तर? ते ऐकायची माझी छाती नव्हती.

मला पहिल्यांदा व्हीलचेअरवरून मुलाला बघायला नेलं, तेव्हा त्याच्या एवढ्याशा पायाला प्लॅस्टिकची पट्टी होती. तिच्यावर इंग्रजीत "बेबी बॉय ऑफ", आणि पुढे माझं नाव. बाळाला स्वतःचं नाव मिळेपर्यंत हॉस्पिटलात ते आईच्याच नावाने ओळखलं जातं. मी म्हटलं, "बघ रे, बापाचा पत्ताच नाही! पोटात मी वागवलं, म्हणून नाव माझं." इतके दिवस नुसती रडणारी बायको थट्टा करतेय, तर माणसाने जरा हसावं की नाही? हा मेला तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. मला असा राग आला!

मुलगा घरी आला आणि पैशांची ओढाताण सुरू झाली. मी एका खासगी क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन होते. रजा संपली तरी मी उभी राहीना, तेव्हा त्यांनी गोड बोलून कामावरून काढलं. नवरा एका कंत्राटदार कंपनीत स्टोअरकीपर. मुलाची खास दुधाची पावडर, डोळ्यांच्या तपासण्या, छातीची औषधं, माझ्या गोळ्या, वर अल वक्रा गावातल्या आमच्या एका खोलीचं भाडं. गाडी विकली. शेजारच्या रत्नागिरीच्या भाभी रोज काही ना काही झाकून आणायच्या, कधी पेज, कधी मेथीचे लाडू, आणि मी खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. देव त्यांचं भलं करो.

बीपीच्या गोळ्या पुरवायला मी त्या अर्ध्या करून घ्यायला लागले. गुपचूप. एकदा नवऱ्याने डबी उघडली आणि आत सगळी अर्धुकं. मला वाटलं आता भांडेल. तो भांडला नाही, स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. त्याच दिवशी ठरलं. मी आणि मुलगा वसईला जायचं, त्याने कंपनीच्या खोलीवर इतर पुरुषांबरोबर राहायचं. मी हो म्हटलं, पण आतून तुटले. एक लेकरू इथल्या वाळूत, एक कडेवर, आणि नवरा मधेच कुठेतरी टांगलेला. याला काय संसार म्हणायचं?

जाण्याआधी मुलाचा बाप्तिस्मा इथेच उरकायचा होता, म्हणजे निदान बाप हजर असेल. शुक्रवारी चर्चला गेलो. आमचा रविवार इथे शुक्रवारीच असतो. गेटवर पिशव्या तपासून आत सोडलं. ऑफिसात फादरनी सगळ्यांना विचारतात तसंच विचारलं, याला आधी कधी बाप्तिस्मा दिलाय का?

"छे हो!" मी म्हटलं.

"दिलाय, फादर," नवरा म्हणाला. "मीच दिला. दोघांनाही."

माझं डोकंच फिरलं. फादर समोर आहेत, मांडीवर मूल आहे, कशाचं भान राहिलं नाही. "घरच्या माणसाने पाणी कधी द्यायचं असतं, माहीत आहे ना तुला? मूल हातचं जायला लागलं की! म्हणजे तू याचीसुद्धा आशा सोडली होतीस? आणि मला इतके महिने सांगितलं नाहीस?"

"तूच म्हणालीस, एक अक्षर काढायचं नाही."

मी तोंडात पदर कोंबावा तशी ओढणी कोंबली. फादरनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि हळू आवाजात सांगितलं, की एकदा पडलेलं पाणी पुन्हा देत नाहीत. आता फक्त तेल, मेणबत्ती आणि पांढरं वस्त्र.

मग नवरा बोलायला लागला. त्या दुपारी दोन्ही बाळं निळी पडत होती आणि वरच्या मजल्यावर मी मशीनवर होते. केरळची एक सिस्टर होती, आपल्यातलीच. तिनेच विचारलं आणि सिरिंजमध्ये पाणी भरून दिलं. आधी मुलीला, मग मुलाला, कपाळावर थेंब थेंब. इंग्रजी शब्द आठवेनात म्हणून तो मराठीतच म्हणाला, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. सिस्टरला काही कळलं नसेल, पण आमेन तीच म्हणाली.

"आणि नाव?" मी विचारलं. मुलीच्या नावावरून आमची भांडणं मिटलीच नव्हती. त्याला त्याच्या आईचं हवं होतं, मला माझ्या आईचं. "तुझ्या आईचंच ठेवलं असशील."

"चल, दाखवतो," तो म्हणाला.

भाभींच्या नवऱ्याने गाडी दिली. दुखानच्या रस्त्याला लागलो, दोन्हीकडे सपाट वाळू, झाड म्हणून नाही. दफनभूमीत त्याने मला हाताला धरून नेलं. छोटा सिमेंटचा क्रूस, आणि त्यावर माझं नाव. माझंच. आडनावासकट. पुन्हा पुन्हा वाचलं, तरी तेच.

"दोन नावांतलं एकही आठवेना गं," तो म्हणाला. "तिच्या पायाच्या पट्टीवर तेवढंच लिहिलं होतं. आणि वर तूपण अशी... मला वाटलं, तू गेलीस तर..."

मी खाली वाळूत बसले आणि हंबरडा फोडला. मुलगाही घाबरून रडायला लागला. बऱ्याच वेळाने तिथूनच मावशीला फोन लावला आणि सांगितलं, "पडलं होतं गं. पाणी पडलं होतं तिच्यावर." मावशी कितीतरी वेळ नुसती हुंदके देत होती.

आता मी वसईत आहे. मुलगा रांगतो, गोळ्या मी अख्ख्या घेते, नवरा सुट्टीच्या दिवशी व्हिडिओ कॉल करतो. इथे सगळे मला नावानेच हाक मारतात, मावशी अंगणातून, शेजारीण कुंपणावरून. मी लगेच ओ देत नाही. मावशी चिडते, बहिरी झालीस का म्हणते. मी जराशी थांबते. आधी लेकीला ओ देऊ देते.